मुलीचं नाव ‘सई’ ठेवायचंय: मूळ, अर्थ, स्पेलिंग, कागदपत्रं. सल्ला हवा

भातुकली
येत्या रविवारी बारसं आहे. ‘सई’ जवळजवळ ठरलंय, पण घरात फाटे फुटले आहेत. एक पक्ष म्हणतो, सई म्हणजे सखी. दुसरा म्हणतो, सती. तिसऱ्याला ते साईबाबांचं वाटतं. शिवाय हल्ली फार ऐकू येतं का, इंग्रजीत कसं लिहायचं, जन्मदाखल्यावर घालताना काय सांभाळायचं, हेही ठरायचंय. ‘छान आहे, ठेवा’ असं सांगणारे घरात पुष्कळ आहेत, त्यामुळे नेमकं सांगणारे हवेत.

ओवीबद्ध
सई म्हणजे सखीच. शब्द तोच, फक्त तो संस्कृतातून थेट न येता प्राकृताची वाट चालून आला आहे.

महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये ख, घ, थ, ध, भ आले की त्यांतला व्यंजनाचा भाग गळतो आणि नुसता ‘ह’ उरतो. मुख–मुह, वधू–वहू, दधि–दहि (आपलं दही), गाथा–गाहा. तसंच सखी–सही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत कितीतरी गाथा मैत्रिणीला उद्देशून आहेत आणि तिथे हाक येते ती ‘सहि’. पुढे मराठीत येताना तो उरलेला ‘ह’ही गेला आणि सई झालं.

हा एकच शब्द असा गेला असता तर शंका घ्यायला जागा होती. पण शेजारचीच दोन नावं बघा. यूथिका या फुलाचं प्राकृतात जूहिआ झालं. हिंदीने ‘ह’ ठेवला, तिथे जूही. मराठीने टाकला, आपली जुई. राधिकेचं राहिआ झालं, त्याची राही, आणि राहीची राई. विठोबाच्या आरतीत ‘राही रखुमाबाई’ येते ती हीच राधा. त्याच आरतीत ‘राईच्या वल्लभा’ही आहे, तिथे मोहरीचा काही संबंध नाही, हे दर आषाढीला कुणाला तरी सांगावं लागतं.

बंगालीत हाच शब्द ‘शोई’सारखा उच्चारला जातो. दोन मुलींनी रीतसर एकमेकींच्या सख्या व्हायचं, अशी तिकडे चालच होती आणि त्याला ‘शोई पातानो’ म्हणतात. गुजरातीत ‘सहियर’ म्हणजे मैत्रीण, तिथे ‘ह’ टिकला आहे.

मराठीत सामान्यनाम म्हणून तो जात्यावरच्या ओव्यांत आणि फेराच्या गाण्यांत राहिला. हाक मारताना ‘सये’, अनेकींना ‘सयांनो’. बोलण्यातून गेला तरी गाण्यातून गेला नाही, म्हणून विशेषनाम झाल्यावरही त्याचा अर्थ कुणाला शिकवावा लागत नाही.

कोपरखळी
पण मग ‘सती’ कुठून आलं? प्राकृतात सई म्हणजे सती असं मीही वाचलंय.

ओवीबद्ध
बरोबर वाचलंय. प्राकृतात क, ग, च, ज, त, द हे स्वरांच्या मध्ये आले की बहुधा पूर्ण गळतात. जाती–जाइ, तीच आपली जाई. त्या नियमाने सतीचंही सई होतं आणि इंद्राच्या शचीचंही सईच होतं. गाथांमध्ये ‘असई’ हा शब्द बऱ्याचदा भेटतो, तो असती या अर्थाने. तेव्हा प्राकृतात हे एक रूप तीन शब्दांना लागू आहे.

मराठीत मात्र सतीला आपण सतीच म्हणतो आणि शचीला शची. मराठी ओवीतली सई म्हणजे मैत्रीण. बारशाच्या पत्रिकेवर अर्थ छापायचा असेल तर ‘सखी, जिवाभावाची मैत्रीण’ एवढंच छापा. नावांच्या संकेतस्थळांवर ‘सई म्हणजे फूल’, ‘सई म्हणजे देवीचा अवतार’ असले अर्थ फिरतात. फूल जुईवरून घसरत आलं असावं.

आणखी एक गल्लत ‘सय’ची. सय म्हणजे आठवण, सय येणे. तो स्मृतीच्या घराण्यातला वेगळा शब्द आहे. ‘सई म्हणजे आठवण’ असं कुणी म्हणालं तर ते सयीचं वर्णन करताहेत.

कोकणरेल्वे
साईबाबांचा संबंध आहे की नाही, ते राहिलं.

ओवीबद्ध
नाही. साई हा स्वामीचा वंशज: स्वामी–सामी–साँई. मधल्या ‘म’चा नुसता नाकातला सूर उरला. साई म्हणजे धनी, मालक. सई म्हणजे मैत्रीण. दोन्ही एकाच गिरणीत दळले गेले, पण धान्य वेगळं.

उत्तर प्रदेशात गोमतीला मिळणारी सई नावाची नदीही आहे, रायबरेली-प्रतापगडकडून येते. रामायणातली स्यंदिका ती हीच मानतात. तिचाही या नावाशी संबंध नाही, पण तिकडच्या माणसाला नाव सांगितलं की तो आधी नदीच आठवतो.

गडवाट
इतिहासातली सई सगळ्यांना ठाऊक आहे, पण तपशील नीट हवेत म्हणून. सईबाई फलटणच्या नाईक-निंबाळकरांची लेक. शिवाजी महाराजांशी लग्न १६४० मध्ये पुण्यात. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७, पुरंदरावर. सईबाई गेल्या ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर, म्हणजे अफझलखानाच्या भेटीच्या दोन महिने आधी. समाधी राजगडाच्या पायथ्याला पाल खुर्दला आहे.

वरचा ‘सखी’चा मुद्दा वाचून एक गोष्ट लक्षात आली. सईबाईंच्या एका मुलीचं नाव सखूबाई. ती पुढे आजोळीच, फलटणच्या महादजी निंबाळकरांना दिली. आई सई, लेक सखू: एकाच शब्दाची दोन रूपं एका घरात. एक प्राकृताकडून आलेलं, एक थेट सखीला ‘ऊ’ लावून लाडकं केलेलं.

ते मुद्दाम तसं ठेवलं असेल असं म्हणायचा मोह आवरावा.

शुद्धलेखनाचा_धनी
लिहिण्याबद्दल. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो, म्हणून सई. ‘सइ’ चूक. ‘सयी’ ही लोकांनी केलेली जादा दुरुस्ती. स्वरानंतर स्वर आला की हाताला ‘य’ घालावासा वाटतो, तिथून ती येते.

विभक्ती लावताना नाव बदलत नाही: सईने, सईला, सईचा, सईकडे, सईसाठी. ‘सयीचा वाढदिवस’ असं केकवर लिहून येतं, ते केकवाल्याला आधी कागदावर लिहून द्यावं. सामान्यनामाचं संबोधन ‘सये’ होतं, पण मुलीला हाक मारताना ‘सई’च. ‘सये’ म्हणालात तर ती हाक न वाटता गाण्याची ओळ वाटेल.

उच्चारात दोन अक्षरं आहेत, स आणि ई, आणि ‘स’ ऱ्हस्व. घाईत ते एकत्र होऊन ‘सै’ ऐकू येतं. म्हणून आडनाव जोडून दहादा मोठ्याने म्हणून बघा. आडनाव इ-ई वरून सुरू होत असेल तर दोन्ही स्वर एकमेकांत जातात: ‘सई इनामदार’ फोनवर ‘सईनामदार’ होतं. व्यंजनाने सुरू होणाऱ्या, त्यातही तीन-चार अक्षरी आडनावापुढे हे नाव उत्तम बसतं, कारण नाव आखूड आणि आडनाव लांब.

शाळेतल्या चिडवाचिडवीचाही अंदाज घ्या. ‘सुई’ होणार, ‘साय’ होणार. दोन्हींतलं काही फार बोचणारं नाही (सुई असूनही).

कोपरखळी
गुजराती सोयरे असतील तर आधीच सांगून ठेवते: गुजरातीत ‘सई’ म्हणजे शिंपी. जुना शब्द आहे, रोजच्या बोलण्यात आता ‘दरजी’च जास्त, पण एखादे वडीलधारे हमखास हसतील.

भातुकली
हे सगळं भारी आहे. गुजराती कुणी नाही, आडनावही व्यंजनापासूनच आहे. आता इंग्रजी स्पेलिंगचं सांगा. एस-ए-आय सर्वांत सोपं वाटतंय.

खिडकी_क्र_४
सोपं दिसतं, पण निम्म्याहून जास्त गोंधळ तिथूनच होतो. कसा ते सांगतो.

आधार नोंदणीत ऑपरेटर नाव इंग्रजीत टंकतो. मराठी रकाना सॉफ्टवेअर स्वतः लिप्यंतर करून भरतं. एस-ए-आय टाकलं की तिथे ‘साई’ येतं. ते त्याच वेळी, त्याच पडद्यावर हाताने बदलता येतं, पण ऑपरेटरचं लक्ष इंग्रजीकडे असतं आणि पालकांचं मुलाला फोटोसाठी सरळ बसवण्याकडे. मग घरी कार्ड येतं ‘साई’चं. काही मराठी कळफलकांवर तर एस-ए-आय टंकलं की ‘सै’ उमटतं.

चार पर्याय वापरात दिसतात:

एस-ए-आय: सर्वांत छोटं. सई परांजपे, सई ताम्हणकर यांचं स्पेलिंग हेच. पण त्या दोघींचं नाव महाराष्ट्राला ऐकून माहीत आहे. तुमच्या मुलीचं नाव आधी वाचलं जाणार, आणि वाचणारा साईच म्हणणार.

एस-ए-ई-ई: मराठी घरांत हल्ली बरंच चालतं. शेवटच्या दोन ‘ई’मुळे दीर्घ ई कळते आणि साईबाबांची आठवण होत नाही. माझं मत यालाच.

एस-ए-वाय-ई-ई: उच्चार बऱ्यापैकी नीट निघतो, पण मराठी लिप्यंतरात ‘सयी’ होतं, म्हणजे मघाचीच ती जादा दुरुस्ती कागदावर कायमची बसते.

एस-ए-आय-ई-ई: सई मांजरेकरचं असं आहे. चूक काही नाही, पण दर वेळी ‘आयनंतर डबल ई’ असं फोडून सांगावं लागतं.

निवड कुठलीही करा, ती जन्मदाखल्याच्या आधी करा. नंतरचं सगळं त्या दाखल्यावरून चालतं.

भातुकली
दाखल्याचं जरा सविस्तर सांगाल का? रुग्णालयाने माहिती पाठवली आहे म्हणाले, नाव अजून घातलेलं नाही.

खिडकी_क्र_४
नाव घातलेलं नाही हे उत्तम झालं. घाई करू नका.

जन्म रुग्णालयात झाला की २१ दिवसांच्या आत तो कळवायची जबाबदारी रुग्णालयाची. त्या माहितीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहू शकतो, जन्म तरीही नोंदला जातो. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही विलंब शुल्क भरून घालता येतं, त्याला १५ वर्षांपर्यंतची मुदत. पण तोवर थांबायचं कारण नाही.

अडतं ते पुढे. कोऱ्या रकान्यात नाव घालणं सोपं आहे. एकदा घातलेलं नाव बदलणं अवघड. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात चुकीची नोंद दुरुस्त करायची सोय आहे. विचार बदलला म्हणून नवीन नाव, अशी नाही. ‘आधी काहीतरी घालू, मग बघू’ म्हणणारे इथेच अडकतात. रुग्णालयातच कर्मचाऱ्याने विचारलं, घाईत आजीने सुचवलेलं नाव सांगितलं आणि ते नोंदलं गेलं, हा नेहमीचा घोळ आहे.

दुसरं. १ ऑक्टोबर २०२३ ला कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे तोच. आजीआजोबांच्या काळी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावून जायचं, आता तसं नाही.

तिसरं, महाराष्ट्रापुरतं. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदांवर या क्रमाने: मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे ‘सई’पुढे आणखी तीन शब्द येणार. पूर्ण नाव एकदा सलग लिहून बघा. आई आणि वडील दोघांचीही नावं लांब असतील तर दोन अक्षरी ‘सई’ हा मोठाच दिलासा आहे. ऑनलाइन फॉर्मच्या रकान्यांत अक्षरांची मर्यादा असते आणि लांब नावं तिथे मधेच तुटतात.

महाराष्ट्रात दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. दोन्ही वाचा. बहुतेक लोक इंग्रजी तपासतात आणि मराठीवर विश्वास ठेवतात. सईच्या बाबतीत नेमकं उलटं हवं.

मोजपट्टी
आधारबाबत पुरवणी. पाच वर्षांखालच्या बाळाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय होतं, ते आईच्या किंवा वडिलांच्या आधारला जोडलेलं असतं. वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागतं. नावातली दुरुस्ती मात्र उभ्या आयुष्यात दोनदाच. ‘साई’चं ‘सई’ करण्यात त्यांतली एक खर्ची पडली, तर पुढे लग्नानंतर वगैरे नाव बदलायचं झालं की एकच उरते.

नोंदणीनंतर पोचपावती देतात. खुर्चीतून उठायच्या आधी ती वाचा. मराठी ओळीवर बोट ठेवून वाचा, डोळे आपोआप जे अपेक्षित आहे तेच बघतात.

आणि शाळेत ‘अपार’ क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) काढताना शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. शाळेत एस-ए-ई-ई आणि आधारवर एस-ए-आय असेल तर ते तिथेच अडतं आणि मग दोन्हीकडे खेटे.

सातासमुद्रा
पुढेमागे बाहेरदेशी जायची शक्यता असेल तर ही बाजूही बघा.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत एस-ए-आय हे ‘साय’ असं वाचतात, उसासा टाकतात ना, तो शब्द. जर्मनीत स्वराआधीच्या ‘एस’चा उच्चार झ-च्या अंगाने जातो, त्यामुळे ते ‘झाय’. एस-ए-ई-ई वाचताना लोक अडखळतात, पण अडखळले की विचारतात. चुकीचं पण ठामपणे वाचलं जाण्यापेक्षा ते बरं.

दुसरी अडचण तेलुगू नावांची. आंध्र-तेलंगणात साई हा मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्याही नावाचा पहिला भाग असतो, आणि परदेशातल्या भारतीयांत तेलुगू मंडळी भरपूर. त्यामुळे एस-ए-आय पाहिलं की समोरचा मुलगा गृहीत धरतो. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग दर वर्षी नावांच्या याद्या काढतो, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी; एस-ए-आय तिथे मुख्यतः मुलांत सापडतं. व्हिसाच्या किंवा विमानाच्या फॉर्मवर कुणी दुसऱ्याने माहिती भरली की ‘श्री.’ लागतं. तिकीट निघाल्यावर ते बदलणं वैतागवाणं.

पासपोर्टमध्ये दोनच रकाने असतात, दिलेलं नाव आणि आडनाव. ‘सई’च्या पुढे पहिल्या रकान्यात आणखी काय घालायचं ते जन्मदाखल्याशी जुळवूनच ठरवा. एकदा घातलं की प्रत्येक व्हिसावर तेवढंच लांब नाव येतं आणि परदेशी शाळेत ते सगळं मिळून पहिलं नाव समजतात.

भातुकली
म्हणजे एस-ए-ई-ई. पुढचा प्रश्न: फार ‘कॉमन’ झालंय का? वर्गात तीन-तीन सई नकोत.

मोजपट्टी
इथे सरकार नावांची क्रमवारी काढत नाही. ‘यंदाची टॉप १०० मराठी नावं’ म्हणून जे फिरतं ते कुणीतरी बसल्या बसल्या केलेलं असतं. स्वतः मोजायचं असेल तर मतदार यादी बघा. भागनिहाय पीडीएफ मिळते, एका भागात साधारण हजारच्या आसपास नावं, प्रत्येकापुढे वय. तुमच्या आणि शेजारच्या दोन-तीन भागांत ३० च्या आतल्या आणि ६० च्या पुढच्या स्त्रियांची नावं वेगवेगळी मोजा. सई, साई, सयी तिन्ही मोजा, कारण यादीतही टंकनाच्या त्याच चुका आहेत. सखू आणि सयाबाई वरच्या वयांत सापडतील, सई खालच्या.

मतदार यादी १८ च्या पुढची, म्हणजे आजच्या बाळांचं चित्र तीत नाही. त्यासाठी जवळच्या दोन बालवाड्यांच्या दारावरची हजेरीची यादी वाचा. तुमच्या मुलीला ज्यांच्याबरोबर बसायचंय ती तीच मुलं. राज्यभरात काय चाललंय याने तुमच्या वर्गाला फरक पडत नाही.

नावाचा एकूण प्रवास असा: ‘बाई’ जोडलेली जुनी रूपं, मग मधली मोठी पिढी शैलजा-सुलभा-वैशालींची, आणि त्यानंतर दोन अक्षरी नावांची लाट: जुई, जाई, सई, ईशा, रेवा. सई परांजपेंचा जन्म १९३८ चा, म्हणजे शहरी सुशिक्षित घरात नुसतं ‘सई’ तेव्हाही ठेवलं जात होतं, पण तुरळक. आता तुरळक राहिलेलं नाही.

गडवाट
एक निरीक्षण जोडतो. इतिहासावरच्या मालिका-चित्रपट आले की जिजा, येसू, सई ही नावं वर येतात. लाटेवर ठेवलेलं नाव लाटेच्या वयाचं दिसतं. सईला ते कमी लागू, कारण ते आधीपासून होतं.

पंचांगपान
कुणी अजून विचारलं नाही, पण बारशाला विचारतीलच. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या तक्त्यात, शततारकेची अक्षरं गो, सा, सी, सू. नावरस पाहताना ऱ्हस्व-दीर्घ भेद धरत नाहीत, म्हणून ‘स’ हा ‘सा’मध्ये जातो: शततारका, दुसरं चरण, रास कुंभ. बाळाचं नक्षत्र वेगळं असेल तर अडत काही नाही. पारंपरिक बारशात नावं एकाहून जास्त असतात: देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. नक्षत्राचं नाव कानात सांगा, पत्रिकेत लिहा. व्यवहाराचं सई ठेवा. दाखल्यावर फक्त व्यवहाराचंच. दोन्ही नावं ‘ऊर्फ’ घालून दाखल्यावर चढवू नका, आयुष्यभर निस्तरत बसाल.

अवांतर: पारस्कर गृह्यसूत्रात मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं असं आहे. सई दोन अक्षरी आणि ईकारान्त, म्हणजे दोन्ही कसोट्यांवर नापास. मनुस्मृतीतल्या कसोट्या म्हणजे उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, शेवट दीर्घ. त्यात पास. पण त्याच मनुस्मृतीत नदीचं, झाडाचं, नक्षत्राचं नाव असलेली मुलगी बायको म्हणून करू नये असंही म्हटलंय, आणि गोदा, कृष्णा, यमुना, तुळसा, रोहिणी अशी नावं ठेवणाऱ्या महाराष्ट्राने ते कधीच मनावर घेतलं नाही. तेव्हा दोन अक्षरांचंही घेऊ नका.

कोकणरेल्वे
सई नाहीच जमलं तर पर्याय काय? याच चवीचे.

ओवीबद्ध
राही. हे सर्वांत जवळचं, त्याच वाटेने आलेलं आणि अर्थाने राधा. पण हिंदीत राही म्हणजे वाटसरू, आणि तेही पुल्लिंगी. बाहेरची माणसं तोच अर्थ लावतात. मुक्ता, ज्ञानदेवांच्या बहिणीचं. अर्थ मोती आणि मुक्त झालेली, दोन्ही. जोडाक्षर असलं तरी इंग्रजीत लिहायला त्रास नाही. सोयरा, चोखोबांची पत्नी सोयराबाई स्वतः अभंग लिहिणारी; अर्थ नात्यातली, जवळची. हे मला सईच्या तोडीचं वाटतं आणि वर्गात दुसरी सापडणार नाही. जनी मनातून आवडतं, पण ठेवणारे कमीच.

कोपरखळी
येसू सुचवणाऱ्यांसाठी: गोव्यात आणि वसईत ते येशूच ऐकू येतं. महाराणी येसूबाईंचा संदर्भ दर वेळी जोडावा लागेल.

भातुकली
सईवरच थांबतेय. आठवड्याभरात फॉर्म भरायला जायचंय. जाताना आणखी काय लक्षात ठेवू?

खिडकी_क्र_४
इंग्रजी नाव मोठ्या लिपीत, एकेका चौकोनात एक अक्षर. आई-वडिलांची नावं त्यांच्या स्वतःच्या आधारवर आहेत तशीच, मधलं नाव गाळू नका, टोपणनाव घालू नका. अंतिम प्रत निघायच्या आधी मसुदा दाखवतात का ते विचारा आणि दाखवला तर मराठी नाव एकेक अक्षर करून वाचा. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. टंकनाची चूक झाली तर ‘आम्ही सई लिहिलं होतं’ हे दाखवायला तोच पुरावा.

आणि हाताने लिहिताना ‘ई’च्या डोक्यावरची ती रफारासारखी रेघ ठळक काढा, शिरोरेषेत मिसळू देऊ नका. ती पुसट राहिली की ‘सइ’ दिसतं. इ-ची खालची शेपूट आखूड पडली की टंकणाऱ्याला तो ‘ड’ वाटतो, आणि दाखल्यावर ‘सड’ छापून येतं.

भातुकली
बाप रे. जेल पेन घेऊन जाते.